पांढरीचे थर

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या जमिनीखाली काय आहे, ते आपल्याला मीटरच्या हिशेबात माहीत आहे. 1993 च्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने तिथे 617 मीटर खोल छिद्र पाडलं. वरचा काळा पाषाण 338 मीटरवर संपतो, त्याखाली गाळाच्या खडकाचा जेमतेम आठ मीटरचा पट्टा लागतो आणि मग अतिप्राचीन स्फटिकी खडक सुरू होतो. वर आलेल्या खडकाच्या कांड्या कोणती किती खोलीवरची याच्या नोंदीसह जपल्या गेल्या. म्हणूनच पुढची पंधरा-वीस वर्षं त्याच कांड्या पुन्हा पुन्हा तपासून नवे निबंध निघत राहिले. ज्यांनी छिद्र पाडलं त्यांच्या मनात नसलेले प्रश्नसुद्धा नंतरच्या माणसांना त्या खडकाला विचारता आले.

आता त्या खडकावर वसलेल्या गावाविषयी काही विचारून पाहा. जुन्या किल्लारीत वेशीतून आत शिरल्यावर पहिलं घर कोणाचं होतं? मारुतीच्या पारावर संध्याकाळी कोण बसायचं? कोणत्या गल्लीतून कोणाला जाता येत नव्हतं? आडाचं पाणी उन्हाळ्यात कधी आटायचं? हे सांगणारी माणसं आजही आहेत. पण त्यांच्या सांगण्याला कांडीसारखा क्रमांक नाही, खोली नाही, ठेवायला फळी नाही. या प्रकरणाचा विषय हीच फळी आहे.

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका आटोपून गावं झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. तीव्रता कुठे 6.2 लिहिलेली आढळते, कुठे 6.4, मोजण्याच्या पद्धती वेगळ्या, म्हणून आकडे वेगळे. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावं पुढे पूर्णपणे नव्या जागी वसवावी लागली. मृतांच्या आकड्यांतही असाच फरक आहे. राज्य शासनाच्या कागदांत 7,928 हा आकडा येतो, तर आंतरराष्ट्रीय याद्यांमध्ये 9,748. दोन्हींत 1,820 माणसांचं अंतर आहे. तीव्रतेतला फरक समजावून सांगणारं शास्त्र आहे. या 1,820 माणसांचा फरक मात्र समजायचा, तर कोणी, केव्हा, कोणत्या यादीवरून मोजलं हे सांगणारे मूळ कागद हवेत. स्रोत सुटलेला आकडा पुस्तकातून पुस्तकात फिरत राहतो, आणि प्रत्येक लेखक आपल्याला पटेल तो उचलतो.

इतिहास, भाषा, लोकसाहित्य, समाजजीवन यांच्या अभ्यासाला आपण मानव्यविद्या म्हणतो. गेल्या तीसेक वर्षांत या अभ्यासात संगणक आला. हस्तलिखितांची छायाचित्रं, मुलाखतींचं ध्वनिमुद्रण, नकाशे, हजारो पानांतून एक शब्द क्षणात शोधून देणाऱ्या सोयी. त्याच्यामागे उभी राहते ती पायाभूत व्यवस्था: साठवण, नोंदीचे नियम, सांभाळणारी माणसं, दरसालचा खर्च. रस्ता आणि गाडी यांच्यात जे नातं, तेच इथे. आपल्याकडे गाड्यांचं कौतुक फार होतं. उद्घाटनाला पाहुणे येतात, फीत कापली जाते, संकेतस्थळ सुरू होतं. रस्त्याची डागडुजी कोणाच्या अंदाजपत्रकात आहे, हे त्या दिवशी कोणी विचारत नाही.

किल्लारीचे कागद शोधायला निघालं तर पहिली अडचण नावाची येते. इंग्रजी लेखनात हे गाव तीन-चार वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. त्यातली एक तर ‘खिल्लारी’ अशी वाचावी लागते. भूकंपाला कोणी किल्लारीचा म्हणतं, कोणी लातूरचा. लातूर जिल्हाच मुळी 16 ऑगस्ट 1982 रोजी उस्मानाबादेतून वेगळा झाला, म्हणजे त्याआधीचे किल्लारीचे कागद उस्मानाबादच्या नावाखाली. 1948 पूर्वीचा सगळा कारभार निजामाच्या हैदराबाद राज्याचा, त्यातला बराचसा उर्दूत. आता उस्मानाबादचं धाराशिव झालं आहे. भूकंपाने उद्ध्वस्त झालेलं सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात होतं, आज ते लोहारा तालुक्यात आहे. संगणकाला यातलं काहीही आपोआप कळत नाही. ‘धाराशिव, 1993’ असं शोधलं तर तो प्रामाणिकपणे सांगतो, काही नाही.

यावर उपाय साधा आहे, पण कष्टाचा. प्रत्येक गावाला न बदलणारा एक क्रमांक द्यायचा आणि त्याची सगळी नावं, सगळी लेखनं, कोणत्या काळात ते कोणत्या तालुक्या-जिल्ह्यात होतं, हे त्या क्रमांकाला जोडायचं. जनगणनेचे गाव-क्रमांक यासाठी पुरेसे पडत नाहीत; 2001 चे आणि 2011 चे क्रमांकच वेगळे आहेत. हे काम कोणाच्या नजरेत भरणारं नाही. एखाद्या तरुण संशोधकाने वर्षभर बसून 52 गावांची अशी नाव-वही तयार केली, तर त्याच्या प्राध्यापकाला वाटेल की वर्ष वाया गेलं. माझ्या मते त्या वर्षाइतकं उपयोगी दुसरं काही होणार नाही.

दुसरी अडचण कागदांच्या पांगापांगीची. मदत देशभरातून आली, तशी तिची कागदपत्रंही देशभर पांगली. पुनर्वसनासाठी जागतिक बँकेचं कर्ज होतं, त्यामुळे त्या कार्यक्रमाचे अहवाल वॉशिंग्टनच्या संग्रहात आहेत आणि ते किल्लारीतून मोबाइलवर उघडतात. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथांनी भूकंपग्रस्त गावांतली बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. तेव्हा या कथेचं एक मोठं पान पुण्याजवळच्या वाघोलीत आहे. बाणेगाव वसवलं ते केरळातल्या कोट्टायमच्या मलयाळ मनोरमा या वृत्तपत्राने. त्या गावाच्या पुनर्जन्माची हकीकत मल्याळममध्ये छापली गेली. खडकांचं हैदराबादेत, कर्जाचं वॉशिंग्टनला, मुलांचं वाघोलीला, बाणेगावचं कोट्टायमला. हे सगळं उचलून एका खोलीत आणायची आज गरज उरलेली नाही. कुठे काय आहे हे सांगणारी एक चांगली सूची पुरेल. फक्त ती सूची कोणाची तरी जबाबदारी असायला हवी.

न्यूझीलंडमध्ये ती जबाबदारी एका विद्यापीठाने घेतली. 22 फेब्रुवारी 2011 रोजी क्राइस्टचर्च शहरात भूकंप झाला, 185 माणसं गेली. कँटरबरी विद्यापीठातल्या साहित्याच्या आणि डिजिटल मानव्यविद्येच्या अभ्यासकांनी, पॉल मिलर यांच्या पुढाकाराने, भूकंपाचा डिजिटल संग्रह उभारला. तिथेही कागद वेगवेगळ्या संस्थांकडेच होते. ते त्यांच्याकडेच ठेवून, सर्वांत एकाच जागेवरून शोध घेता येईल अशी जोडणी त्यांनी केली. मला सर्वांत आवडलेली गोष्ट त्यांच्या पेटाऱ्याची. मालवाहतुकीच्या एका मोठ्या लोखंडी पेटाऱ्यात ध्वनिचित्रमुद्रणाची खोली थाटून त्यांनी ती शहरात वेगवेगळ्या भागांत नेऊन उभी केली. ज्याला सांगायचं त्याने आत यावं आणि मनासारखं बोलावं. सातशेहून जास्त माणसं बोलली. नंतर भाषाशास्त्रज्ञांनी त्याच मुद्रणांवरून तिथल्या बोलीचा अभ्यास केला. म्हणजे इथेही खडकाच्या कांडीसारखंच झालं: एका हेतूने जपलं, दुसऱ्या हेतूला उपयोगी पडलं. जपानमध्ये 2011 च्या त्सुनामीनंतर तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 2013 मध्ये ‘हिनागिकु’ नावाचा असाच सामायिक शोध-संग्रह खुला केला.

ही उदाहरणं श्रीमंत देशांची आहेत, हे खरं. पण साक्षीदारांना शोधून त्यांच्या आठवणी नोंदवायची रीत आपण कोणाकडून शिकायची गरज नाही. मराठी गद्याची सुरुवातच तिथे आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ रचलं ते एकेका साक्षीदाराकडे जाऊन, त्याला आठवणारी लीळा विचारून, दुसऱ्याच्या आठवणीशी पडताळून. पुढे धामधुमीत मूळ पोथी हरवली, तेव्हा ज्यांच्या ध्यानात जे होतं त्यावरून ती पुन्हा सिद्ध करावी लागली, आणि म्हणून तिचे अनेक पाठ झाले. मौखिक इतिहासाचे आज शिकवले जाणारे बहुतेक नियम यात आहेत: कोणी सांगितलं ते नोंदवा, पाठभेद पुसू नका, एकाच प्रतीवर विसंबू नका.

महानुभावांच्याच पोथ्यांनी आणखी एक धडा घालून दिला आहे. पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पोथ्या मठांमध्ये शतकानुशतकं सुखरूप राहिल्या, आणि बाहेरच्या मराठी वाचकाला त्यांचा पत्ताही नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीची किल्ली शोधली, तेव्हा कुठे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला त्याची पहिली पानं मिळाली. अक्षर शाबूत असणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं.

आपणही अलीकडेच असं एक कुलूप लावून घेतलं होतं. 1993 च्या सुमारास मराठी संगणकावर टंकलं जात होतं ते श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींत. प्रत्येकीचा अक्षरांचा हिशेब निराळा. त्या काळातली फाइल आज ज्या संगणकात तो टंक नाही तिथे उघडली, तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. देवनागरीला युनिकोडमध्ये 1991 मध्येच जागा मिळाली होती, पण मराठी कार्यालयं आणि छापखाने तिथे पोचायला आणखी दोन दशकं लागली. मधल्या वर्षांचं मराठी लेखन, म्हणजे नेमकी भूकंप आणि पुनर्वसनाची वर्षं, जुन्या टंकांत अडकलं. रूपांतर करणारी साधनं आता आहेत. फ्लॉपी आणि सीडी मात्र कपाटात पडून खराब होतात, आणि ते बाहेरून बघून कळत नाही. जुन्या दप्तरांच्या मोडी लिपीला तर युनिकोडमध्ये जागा 2014 मध्ये मिळाली. 2023 मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यात निजामकालीन नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची किती टंचाई आहे, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. जुनं दप्तर कोणाच्या तरी आयुष्याचा निकाल ठरवू शकतं, हेही तेव्हाच सर्वांना कळलं.

जुनं किल्लारी पुन्हा कागदावर उभं करता येईल का? बऱ्याच अंशी येईल, आणि फार महागड्या साधनांशिवाय. लँडसॅट-5 हा उपग्रह 1984 पासून दर 16 दिवसांनी पृथ्वीच्या त्याच भागावरून जात होता. त्याची चित्रं 2008 पासून सर्वांना फुकट मिळतात. त्यातला एक ठिपका जमिनीवर 30 मीटर लांब-रुंद असतो. गल्ली दिसत नाही, पण तेरणा नदीच्या काठची गावठाणं आणि 1994 नंतर काळ्या रानात उमटत गेलेल्या नव्या वसाहती वर्षावर्षाने पाहता येतात. त्यावर सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे बसवायचे. आणि मग खरं काम: जुन्या जागेवर वयस्कर माणसांना घेऊन जायचं, दगडांच्या राशींमधून त्यांच्याबरोबर चालायचं, त्यांनी ‘इथं आमचा सोपा होता’ म्हटलं की ती जागा मोबाइलवर नोंदवायची. क्यूजीआयएस ही नकाशाची प्रणाली मोफत आहे. अशा वीस माणसांच्या वीस फेऱ्या एकावर एक ठेवल्या की गल्ल्या जुळू लागतात. जिथे जुळत नाहीत, तिथे दोन्ही सांगणी ठेवायची.

नव्या गावांचा नकाशाही वाचायला शिकलं पाहिजे. पुनर्वसनात भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना 250 चौरस फुटांचं घर मिळालं, एक ते सात हेक्टरवाल्यांना 400 आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यांना 750 चौरस फुटांचं. सातबाऱ्यावरचा आकडा घराचा आकार झाला. जुन्या गावात जातीने ठरवलेल्या आळ्या होत्या, नव्या गावात आखीव रस्ते आले; कुठे शेजार बदलला, कुठे जुनीच वाटणी नव्या रांगांत बसली. हे समजायला जुना आणि नवा, दोन्ही नकाशे शेजारी हवेत.

इथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. सगळं खुलं करणं म्हणजे चांगलं जतन नव्हे. मृतांची छायाचित्रं, मदतीच्या याद्या, कोणाच्या घरात कोण उरलं याच्या नोंदी, त्यानंतर झालेले वारसाचे आणि लग्नाचे निर्णय: यात जिवंत माणसं आहेत. त्या रात्रीची दहा वर्षांची मुलगी आज चाळिशी ओलांडलेली बाई आहे. तिची कहाणी कोणी ऐकावी, हे तिनेच ठरवायचं. म्हणून प्रत्येक नोंदीबरोबर परवानगीची नोंद हवी: आज खुलं, गावापुरतं, किंवा अमुक वर्षांनंतर.

महाराष्ट्रात अशा कामाचं सर्वांत मोठं आणि टिकलेलं उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन इथलेच झालेले गी पॉइत्वँ यांनी 1980 च्या दशकात ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हजाराहून अधिक गावं, एक लाखाहून अधिक ओव्या. प्रत्येक ओवीला क्रमांक, गाणारीचं नाव, गाव, विषयाचा संकेत. नव्वदच्या दशकात संगीताचे संगणकीय अभ्यासक बर्नार बेल त्यांना येऊन मिळाले. त्यांनी ध्वनिमुद्रणं केली आणि सगळ्या संहिता कोशात रचल्या. पॉइत्वँ 2004 मध्ये गेले, राईरकर 2010 मध्ये. काम थांबायला एवढं पुरेसं होतं. पण नोंदी नेटक्या होत्या, प्रती एकाहून अधिक ठिकाणी होत्या, आणि पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने ते काम हाती घेतलं. 2017 पासून त्या ओव्या तिथे आवाजासह प्रसिद्ध होत आहेत. माजलगावच्या भीमनगरात 1996 मध्ये बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या घेऊन नवे कार्यकर्ते वीसेक वर्षांनी पुन्हा त्याच वस्तीत गेले आणि गाणाऱ्या बायांना भेटले. गाव आणि नाव लिहून ठेवलं होतं, म्हणून ही भेट झाली.

याच्या उलट उदाहरण ब्रिटनचं. 1996 मध्ये तिथे मानव्यविद्यांच्या डिजिटल साहित्यासाठी राष्ट्रीय सेवा सुरू झाली; देशभरातल्या संशोधकांनी आपलं साहित्य तिच्याकडे सोपवलं. 2008 मध्ये तिचं अनुदान थांबलं आणि संग्रहांना नवे आसरे शोधावे लागले. केवळ अनुदानाच्या मुदतीवर उभं असलेलं काम असंच अडचणीत येतं.

मराठवाड्यातली जुनी घरं आठवा. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडाच्या तुळया, त्यावर माळवद. पाणी गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी गढीची, पांढरीची माती आणून माळवदावर अंथरायची. जुन्या गावठाणाच्या त्या मातीत पिढ्यांची राख, विटा, खापरं मिसळलेली असत. आधीचा थर कोणी काढत नसे. वर्षावर्षाला छत जड होत गेलं. भिंतीच्या दोन अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड मात्र नव्हते. त्या पहाटे भिंती फुटल्या आणि हे ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. पुढे दुरुस्तीच्या कामांत छतावरची माती कमी करा आणि भिंतींत आरपार दगड घाला, असंच सांगितलं गेलं.

संग्रहांना हेच लागू आहे, असं मला मनापासून वाटतं. थरावर थर चढवणं हा सांभाळ नव्हे. दरवर्षी नवी प्रणाली, नवं सजवलेलं पान, नवा प्रकल्प, आणि खाली काय आहे हे कोणी बघत नाही. मजकूर साध्या युनिकोडमध्ये ठेवावा, चित्रं सर्वत्र चालणाऱ्या प्रकारांत, नोंदी साध्या तक्त्यांत. तीन प्रती, तीन वेगळ्या गावांत. दर पाच वर्षांनी प्रत्येक फाइल उघडून बघणारा एक पगारी माणूस. शासनाने सातबारा संगणकावर आणला आणि तो टिकला, कारण रोज हजारो लोकांना त्याची गरज पडते. किल्लारीच्या आठवणींची रोजची गरज कोणाला पडणार नाही. म्हणून त्यांच्यासाठी पदच निर्माण करावं लागेल.

जागा शोधायची तर ती जवळच आहे. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 रोजी, भूकंपाला वर्ष होत असताना सुरू झालं. त्याचं उपकेंद्र लातुरात आहे. भूगोल, इतिहास, मराठी, समाजशास्त्र, संगणकशास्त्र हे विषय शिकणारी मुलं याच 52 गावांच्या आसपासची आहेत. प्रबंध ठेवायला ‘शोधगंगा’ हा राष्ट्रीय संग्रह आहेच. पण प्रबंधासाठी घेतलेल्या मुलाखती तिथे ठेवल्या जात नाहीत, त्या संशोधकाच्या पेन ड्राइव्हवर राहतात. त्या जमा करून घेण्याचा नियम विद्यापीठाला करता येण्यासारखा आहे.

वेळेचा हिशेब कडक आहे. 1993 मध्ये चाळिशीत असलेली, म्हणजे जुनं गाव अंगवळणी पडलेली पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणी 1993-94 मध्ये मदतीला, बातमीला, नोकरीवर किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या तुकडीबरोबर त्या भागात गेला असाल, तर घरातलं जुनं पाकीट काढा. प्रत्येक छायाचित्रामागे शिसपेन्सिलीने लिहा: कोणतं गाव, कोणता महिना, कोण उभं आहे, मागे कोणाचं घर आहे. आणि तुम्ही त्या गावांपैकीच असाल, तर आजी-आजोबांसमोर एक कोरा कागद ठेवा, वेस कुठे होती ते विचारा आणि त्यांना गल्ली काढू द्या. कागदावर त्यांचं नाव आणि तारीख घाला. त्याची एक प्रत दुसऱ्या गावातल्या घरी ठेवा.